डायनामोचे दिवस

पुण्यात नव्याने आलेल्या बाहेरगावच्या माणसाला कुणी ना कुणी गुरू भेटतोच. अभिनव वानखडेला दत्तप्रसाद भेटला. हा दत्तप्रसाद मूळचा परभणीचा, पण हिंजवडीच्या कंपनीत अभिनवच्या शेजारच्या टेबलावर बसून त्याने पुणेकर या विषयात जणू पदवी घेतली होती, आणि ते ज्ञान तो कुणी न मागता वाटत असे. त्याचा मुख्य सिद्धान्त असा, की पुणेकर जे बोलतो ते त्याला म्हणायचं नसतं. ‘फारच लवकर आलात’ म्हणजे उशीर झाला. ‘जेवूनच आला असाल’ म्हणजे जेवण मिळणार नाही. तेव्हा पुणेकराचं वाक्य आधी उलटं करायचं आणि मगच डोक्यात घ्यायचं. अभिनव प्रोग्रॅम लिहिणारा माणूस, त्याला नियम मिळाला की बरं वाटायचं. त्याने हा नियम पाठच करून टाकला.

फाल्गुनात त्याचं लग्न झालं आणि श्रद्धा दर्यापूरहून वाकडच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आली. दर्यापूरच्या घरात सकाळपासून माणसांचा राबता. इथे समोरच्या दारावर नावाची पाटी होती, पण त्या नावाचं माणूस महिनाभरात दिसलं नव्हतं. अभिनव सकाळी कंपनीच्या बसने जायचा. संध्याकाळी पाचनंतर एक बस होती, पण त्या बसने जाणं टीममध्ये कमीपणाचं मानत, म्हणून तो रात्रीच्या बसने दहाच्या सुमाराला परतायचा. चैत्रात एकदा श्रद्धाने जेवताना सरळ सांगितलं, “मला इथं करमून नाही राहिलं. तुम्ही लवकर घरी येत जा. दिवाळीला मी माहेरी जाईन, तोवर जीव रमला तर ठीक, नाही तर परत यायचं का नाही ते तिथंच ठरवीन.”

अभिनवने हातातला घास ताटात ठेवला. श्रद्धा उगाच धमक्या देणाऱ्यांतली नव्हती. बरं, तिच्यावर त्याचा जीव जडला होता, अगदी मीटिंगमध्ये तिचं नाव वहीत लिहून खोडण्याइतका. त्याने दोन दिवस विचार केला आणि त्याला उपाय सापडला: गाडी घ्यायची. गाडी असली की शनिवार-रविवार फिरता येईल, तिला पुणं आवडेल, प्रश्न मिटला. श्रद्धा म्हणाली, गाडी नको. तिला घराच्या हप्त्यांची काळजी वाटत असेल, असा अर्थ लावून तो जुनी गाडी शोधायला लागला.

एरंडवण्यात परचुरे नावाचे विमा कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ आपली सेडान विकत होते. फिक्कट निळा रंग, मागे प्रशस्त डिकी, आणि किंमत पंच्याहत्तर हजार. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यामुळे मुलीने त्यांच्याकडून किल्ली काढून घेतली होती. अभिनव दत्तप्रसादला घेऊन गेला. परचुऱ्यांनी दोघांना पाण्याचे पेले दिले, खुर्ची दाखवली आणि पहिलंच वाक्य टाकलं.

“खरं सांगू का, आपण ही गाडी घेऊ नका.”

दत्तप्रसादने टेबलाखालून अभिनवच्या पायावर पाय दिला. परचुरे पुढे सांगत राहिले. रेडिएटर गळतो, उन्हाळ्यात चढावर गाडी तापणार. क्लचप्लेट संपत आली आहे. मागच्या डाव्या दाराची काच खाली गेली की वर येईलच असं नाही. एसीत दर वर्षी गॅस भरावा लागतो. डायनामो अधूनमधून बॅटरी चार्ज करत नाही. पुढचे शॉकॲब्सॉर्बर आवाज करतात, पण त्याची सवय होते. हे सगळं त्यांनी वाण्याला यादी सांगावी तितक्या कोरडेपणाने सांगितलं. अभिनव मनातल्या मनात एकेक वाक्य उलटं करत होता, आणि जसजशी यादी वाढत गेली तसतशी त्याच्या मनातली गाडी अधिकाधिक ठणठणीत होत गेली.

जिन्यात येऊन दत्तप्रसाद कुजबुजला की म्हाताऱ्याला गाडी विकणं जिवावर आलं आहे, हा उद्या नाही म्हणेल, आत्ताच बांधून टाक. अभिनव परत वर गेला आणि ऐंशी हजार देतो म्हणाला. परचुऱ्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

“मागितल्यापेक्षा जास्त देणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात पहिल्यांदा पाहतो आहे. आपण फारच व्यवहारी दिसता.”

सबंध भेटीत ते तेवढं एकच वाक्य तिरकं बोलले होते, आणि नेमकं तेवढंच अभिनवने सरळ घेतलं. घरी येऊन त्याने श्रद्धाला ते कौतुकाने सांगितलंसुद्धा. वरचे पाच हजार परचुऱ्यांनी घेतले नाहीत, ते पुढे रेडिएटरला लागतील म्हणाले, आणि तेही अभिनवला विनोदच वाटला.

मे महिन्याच्या पहिल्याच रविवारी दोघं मुळशीला निघाली. नारळ फोडून झाला होता, डिकीत डबा होता, श्रद्धाने नवी साडी नेसली होती. चांदणी चौक गेला, भूगाव गेलं, आणि पिरंगुटच्या घाटात काटा लाल रेघेला टेकला. बॉनेटमधून अशी काही वाफ निघाली की मागचा ट्रकवाला खाली उतरून बघायला आला. त्याने आणि अभिनवने मिळून गाडी रस्त्याकडेच्या एका घराच्या अंगणात ढकलली. घर मथुराबाईंचं होतं. मुलगा जीप चालवायचा, त्यामुळे असल्या वाफेचं त्यांना कौतुक नव्हतं. अभिनव रुमाल घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे वळताच त्या ओट्यावरूनच ओरडल्या, “झाकनाला हात लावू नगंस रं बाबा, भाजशील. निवू दे तिला. तवर बसा सावलीला.”

गाडी निवायला दुपार गेली. अभिनव शरमेने अर्धा झाला होता. तो गाडीभोवती फेऱ्या मारत होता, फोनला रेंज शोधत होता आणि बायकोचा रविवार आपण मातीत घातला या विचाराने मनात स्वतःला शिव्या देत होता. श्रद्धा मात्र पदर खोचून चुलीपाशी जाऊन बसली होती. पिठल्यात वरून थोडा सांभार टाका, असं ती म्हणाली, तर मथुराबाई बुचकळ्यात पडल्या, की इडलीसोबतचं सांबार पिठल्यात कशाला. वऱ्हाडात कोथिंबिरीला सांभार म्हणतात हे कळल्यावर त्या इतक्या हसल्या की त्यांनी शेजारणीला हाक मारून तो किस्सा पुन्हा सांगायला लावला. निघताना त्यांनी श्रद्धाच्या ओटीत हिरव्या मिरच्या घातल्या आणि पुन्हा यायचं वचन घेतलं. अभिनवने यातलं काही पाहिलं नाही. तो कॅनमध्ये पाणी भरत होता.

पावसाळ्याच्या तोंडाशी क्लच गेला, तोही कुठे, तर बुधवार पेठेत. श्रद्धाला दगडूशेठच्या गणपतीचं दर्शन घ्यायचं होतं आणि अभिनवला कॉम्प्युटरची एक वायर घ्यायची होती. देवळापासून हाकेच्या अंतरावर गाडीने नुसता आवाज केला आणि जागची हलेना. मागे रिक्षांची रांग लागली. एक दुकानदार पायरीवर येऊन, हात मागे बांधून म्हणाला, “प्रदर्शन इथेच भरवणार असाल तर मी दुकान हलवतो.” अभिनवने सवयीने वाक्य उलटं केलं आणि त्याचे आभार मानले. दुकानदार क्षणभर गोंधळला आणि मग आपल्या दोन नोकरांना घेऊन धक्का मारायला उतरला. दुसऱ्या गाडीमागे टोचन लावून गाडी वाकडला आणावी लागली.

वाकडला हमरस्त्याच्या कडेला संभाजीचं गॅरेज होतं. वडिलोपार्जित शेताचा बराचसा भाग बिल्डरला गेला होता, उरलेल्या तुकड्यावर त्याने शेड टाकली होती. त्याने बॉनेट उघडलं, आत डोकावला आणि हळहळत जीभ टाळूला लावून च्च केलं. रेडिएटर डागडुजीवर भागला होता, पण क्लचप्लेट, प्रेशरप्लेट, बेअरिंग आणि मजुरी मिळून अभिनवच्या त्या महिन्याच्या पगाराला मोठं भगदाड पडलं. शिवाय शॉकॲब्सॉर्बर पुढच्या महिन्यात बघू, असं संभाजीने वरून सांगितलं. जुनी गाडी घेताना एकदा पैसे द्यायचे असतात आणि मग महिन्याच्या महिन्याला द्यायचे असतात, हे अभिनवला आत्ता कळत होतं.

त्याच रागात तो श्रद्धाला घेऊन परचुऱ्यांच्या घरी गेला. तुम्ही आम्हांला फसवलंत, असं त्याने दारातच सुनावलं.

“बसा,” परचुरे म्हणाले. “मी सांगितलं त्यातलं काय खोटं निघालं?”

अभिनव मनात ती यादी आठवू लागला. रेडिएटर सांगितला होता. क्लच सांगितला होता. शॉकॲब्सॉर्बरसुद्धा सांगितले होते. काहीच खोटं निघालं नव्हतं. शेवटी त्याने चाचरत कबूल केलं की आपल्याला ते सगळं उपरोधाचं वाटलं, पुण्यात माणसं उलटं बोलतात असं ऐकलं होतं.

“अहो, मी मराठीत सांगत होतो,” परचुरे म्हणाले. मग चष्मा पुसत, “काच आणि डायनामो अजून गेले नसतील. जातील.”

श्रद्धा हसायला लागली. आधी तिने पदर तोंडाला लावला, मग तिला हसू आवरेना. लग्न झाल्यापासून अभिनवने तिला असं पोट धरून हसताना पाहिलं नव्हतं. परचुऱ्यांच्या पत्नी आतून काय झालं म्हणून आल्या, त्यांना सगळं सांगितल्यावर त्याही हसल्या, आणि ‘कॉफी घेणार का’ या प्रश्नाचा अर्थ कॉफी घेणार का असाच निघाला. परत येताना गाडीत श्रद्धा डोळे पुसत म्हणाली, “कोणी सरळ बोललं का तुम्हाला ऐकूच येत नाही.” अभिनवही हसला. त्याला वाटलं, ती परचुऱ्यांविषयीच बोलते आहे.

काच श्रावणात गेली. तिथे त्यांनी प्लॅस्टिक चिकटवलं. भाद्रपदात डायनामो गेला.

डायनामो म्हणजे बॅटरीला चालू गाडीत वीज भरणारं यंत्र. ते थकलं की गाडी साठवलेल्या विजेवर चालते, आणि दिवे लावले की वीज भराभर संपते. नवा डायनामो महाग होता आणि दिवाळीचा बोनस लांब होता. अभिनवला तर आता रोज गाडीनेच ऑफिसला जायचं होतं, कारण इतका पैसा ओतलेली गाडी खाली उभी ठेवून बसने जाणं त्याच्या जिवावर यायचं. संभाजीने तोडगा काढला. दिवे लावायचे नाहीत, एसी लावायचा नाही, दिवसाउजेडी घरी यायचं, आणि रात्री बॅटरी काढून घरात चार्जिंगला लावायची.

झालं, पाच वाजले की अभिनव उठायला लागला. त्याच्या मॅनेजर पूर्णिमा मॅडम कोथरूडच्या, अस्सल पुणेकर. पहिल्या दिवशी त्यांनी घड्याळाकडे पाहून विचारलं, अर्धा दिवस रजा टाकली आहे का. अभिनवने डायनामोचं सगळं शास्त्र समजावलं. मॅडमच्या वडिलांकडेही कधीकाळी जुनी गाडी होती, त्यामुळे त्या जास्त काही बोलल्या नाहीत.

सूर्य मावळायच्या आत तो वाकडला पोचायचा. श्रद्धा खाली येऊन उभी असायची. बॅटरी जड, एका बाजूने तो धरायचा, दुसरीकडून ती, आणि दोघं लिफ्टमधून लग्नातल्या रुखवतासारखी ती मिरवत वर न्यायची. लिफ्टमध्ये लोक विचारायचे, की हे काय? अशाने समोरच्या पाटीवरचं माणूस सापडलं. त्या शेफाली नावाच्या बाई निघाल्या, आणि त्यांच्या घरात वापरात नसलेला चार्जर होता. बॅटरी बाल्कनीत ठेवून दोघं चहा प्यायची, भाजी निवडायची, संभाजीने आज कोणता नवा आवाज शोधला त्यावर बोलायची. शनिवारी गॅरेजात बाकड्यावर बसून भेळ खायची. श्रद्धाला स्पार्कप्लग आणि फॅनबेल्ट ओळखता यायला लागले. अभिनवला मात्र रोज लाज वाटायची. चांगल्या चालत्या गाडीतून बायकोला फिरवायचं सोडून आपण तिच्याकडून हमाली करून घेतो आहोत, दिवाळी जवळ येते आहे, आणि अशाने ती कशी परत येणार, या काळजीने त्याला झोप लागेना.

बोनस हातात पडला त्याच आठवड्यात त्याने गाडी संभाजीच्या हवाली केली. नवा डायनामो, नवा रेडिएटर, शॉकॲब्सॉर्बर, काचेचं मशीन, एसीचा गॅस. बोनस तर गेलाच, वर थोडं पदरचंही गेलं, पण गाडी अशी चालायला लागली की दत्तप्रसादने एक फेरी मारून, ‘बघ, मी म्हणालो नव्हतो?’ म्हणून श्रेय घेतलं. आता बसच्या वेळेचं बंधन नव्हतं आणि उजेडाचंही नव्हतं. अडकलेली कामं पुरी करायला अभिनव थांबू लागला. पहिल्या दिवशी साडेआठ, मग साडेनऊ, मग दहाच्या पुढे. येताना एसी लावून, गाणी लावून, खूश होऊन यायचा.

एका रात्री तो आला तेव्हा पलंगावर बॅग उघडी होती आणि तिच्यात श्रद्धाच्या साड्या होत्या. नुसत्या दिवाळीच्या नव्हत्या, रोजच्याही होत्या.

“आता तर गाडीचं सगळं करून घेतलं,” तो म्हणाला. “आता काहून चालली?”

श्रद्धाने साडीची घडी हातातच धरली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज साधा होता.

“गाडी मी मागितलीच नव्हती. लवकर घरी या म्हटलं होतं. बिघडली होती तेव्हा तुम्ही रोज घरी होते. मला इथं पहिल्यांदा बरं वाटायला लागलं होतं. आता ती चांगली झाली, अन् तुम्ही गेले परत.”

हे वाक्य उलटं करायची सोय नव्हती. चैत्रातलं ते जेवण त्याला आठवलं. तिने तेव्हाही हेच सांगितलं होतं, याच शब्दांत, आणि त्याने त्यातून एक सेडान काढली होती.

सकाळी ऑफिसला जाताना तो गॅरेजपाशी थांबला. रात्रभर जागून त्याच्या मेंदूने जो मार्ग काढला होता तो असा, की जुना डायनामो परत बसवता येईल का ते विचारावं. संभाजी म्हणाला तो भंगारात गेला, आणि नव्यात काय खोट निघाली का?

“नाही, उलट फारच चांगला चालतो.”

संभाजीचा चेहरा पडला. त्याने हातातला पाना खाली ठेवला. “साहेब, तुमी बी पुण्यातल्यावानी वाकडं बोलाया लागला व्हय? काय तक्रार आसंल ती सरळ सांगा. बदलून देतो.”

त्याची समजूत घालता घालता अभिनवला आपल्या युक्तीचा मूर्खपणा उमगला. तो ऑफिसला गेला, मान खाली घालून काम केलं आणि पाच वाजता उठला. पूर्णिमा मॅडमनी विचारलं, पुन्हा डायनामो का?

“नाही मॅडम. डायनामो नवा आहे, गाडी ठणठणीत आहे. मला घरी बायकोबरोबर चहा प्यायचा आहे. यापुढे रोज याच वेळेला निघेन, राहिलेलं काम सकाळी लवकर येऊन करीन.”

मॅडमनी समजुतीने मान हलवली. “नसेल सांगायचं तर नको सांगूस. पण ती गाडी एकदा चांगल्या माणसाला दाखव.”

तो घरी पोचला तेव्हा ऊन अजून समोरच्या इमारतीवर होतं. श्रद्धाने दार उघडलं, त्याच्या हातांकडे पाहिलं, मागे लिफ्टकडे पाहिलं. हातात बॅटरी नव्हती.

“आता काय बिघडलं?”

“काहीच नाही. तू म्हणाली होती, लवकर घरी येत जा. म्हणून आलो.”

“ते मी चैत्रात म्हटलं होतं.”

“हो,” अभिनव म्हणाला. “मला काल ऐकू आलं.”

ती हसली नाही. दाराला टेकून तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, नव्या गिऱ्हाइकाने जुनी गाडी बघावी तशी. उद्याही याल का, परवाही याल का, हे तिने विचारलं नाही. मग आत वळत ती सहज म्हणाली, “जायचं तिकीट मी काढलं आहे. यायचं तुम्ही काढा. भाऊबीज झाली का दुसऱ्या दिवशीचं.”

खरंच का, असा प्रश्न अगदी त्याच्या ओठांवर आला होता. तो त्याने गिळला, बूटही न काढता कॉम्प्युटरसमोर बसला आणि रेल्वेचं पान उघडलं. पान उघडायला नेहमीप्रमाणे वेळ लागला. मग गाड्यांची नावं आली, आणि प्रत्येक नावापुढे दिवाळीच्या गर्दीचे लांबलचक आकडे.

“अवं, सगळीकडे वेटिंग दाखवून राहिलं,” त्याचा आवाज अगदी रडवेला झाला.

“मग बसनं येते,” स्वयंपाकघरातून श्रद्धा म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला.